मनोऱ्याचं दुसरं टोक

नकाशावर पट्टी ठेवावी. तिचं एक टोक वरळीला, पांडुरंग बुधकर मार्गावरच्या दूरदर्शनच्या आवारात धरावं आणि दुसरं मुरूड तालुक्यातल्या काशीदच्या पुळणीवर टेकवावं. मधलं अंतर ६३ किलोमीटरच्या आसपास भरतं. पट्टी दक्षिण मुंबईवरून खाली येते, बंदराच्या तोंडाचं पाणी ओलांडते, अलिबाग शहराच्या डोक्यावरून जाते, कोर्लईचा किल्ला डाव्या हाताला ठेवते आणि काशीदच्या सुरूच्या बनापाशी उतरते. मोटारीने निघालं तर पेण-वडखळ करत हाच प्रवास जवळपास दुप्पट होतो. दूरचित्रवाणीच्या लहरीला मात्र खाड्या आणि पूल मोजावे लागत नाहीत. ती नाकासमोर जाते. तिच्या वाटेत खरा अडथळा एकच असतो, तो म्हणजे पृथ्वीचा फुगवटा.

वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून समुद्राकडे पाहिलं तर क्षितिज सुमारे ६२ किलोमीटरवर असतं. म्हणजे हवा कितीही स्वच्छ असली तरी काशीदच्या वाळूला टेकलेल्या डोळ्याला मनोऱ्याचं टोक पाण्याच्या रेषेखालीच राहणार, आणि माणूस उभा राहिला तर ते त्या रेषेवर जेमतेम येणार. रेडिओलहरी डोळ्याच्या मानाने थोड्या नशीबवान. हवा वर वर विरळ होत जाते, त्यामुळे लहर किंचित खाली वाकते आणि पृथ्वीच्या गोलाईला थोडी साथ देते. अभियंत्यांचा आडाखा साधा आहे: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. ३००चं वर्गमूळ १७.३. गुणाकार ७१. वरळीच्या मनोऱ्याभोवती ७१ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर काशीद त्याच्या आत पडतं, पण काठापासून आठच किलोमीटर आत.

मनोऱ्यांचा इतिहास लिहिताना बहुतेक जण पायथ्यापाशी उभे राहून मान वर करतात. किती उंच, किती टन, कोणी बांधला, कोणत्या पाहुण्याने उद्घाटन केलं. पण प्रक्षेपणाचा मनोरा ज्या कामासाठी उभा केलेला असतो ते काम पायथ्याशी घडतच नाही. पायथ्याजवळच्या घराला एवढ्या उंचीची गरज नसते. उंची लागते ती काठावरच्या गावाला. वरळीचा मनोरा समजून घ्यायचा तर काशीदहून पाहिलेला बरा, तिथून तो दिसत नसला तरी.

देशात दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला झाला. पुढची तेरा वर्षं ती दिल्लीबाहेर पडली नाही. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई केंद्र सुरू झालं, ते देशातलं दुसरं. दूरदर्शन तेव्हा आकाशवाणीचाच भाग होतं. १ एप्रिल १९७६ला ते वेगळं झालं. मुंबईनंतर बरोबर वर्षाने, २ ऑक्टोबर १९७३ला, सिंहगडावरचं पुनर्प्रक्षेपण केंद्र सुरू झालं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. वरळी आणि पुण्याच्या मध्ये सह्याद्री आडवा आहे. त्याच्यावरून डोकावून पाहायचं तर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवरचा गडच हवा. कोकणाच्या उत्तर किनाऱ्याला असा गड लागला नाही. मुंबई आणि अलिबागच्या मध्ये पाणी आहे, आणि पाणी सपाट असतं. मुंबईचं चित्र पुण्यासाठी डोंगर चढलं आणि रायगडच्या किनाऱ्याकडे ते सरळ पाण्यावरून आलं.

वरळीचा मनोरा सत्तरच्या दशकात उभा राहिला. तो पोलादी जाळीचा आहे, ताण देणाऱ्या तारांशिवाय स्वतःच्या पायांवर उभा आहे, आणि खालून वर निमुळता होत जातो. अंगावर विमानांना दिसावेत म्हणून तांबडे-पांढरे पट्टे आहेत. वर पर्यटकांसाठी सज्जा नाही, फिरतं उपाहारगृह नाही. जगातल्या प्रसिद्ध मनोऱ्यांच्या शेजारी ठेवला तर तो अबोल वाटेल. जर्मनीत श्टुटगार्टला फ्रिट्झ लेओनहार्ट या अभियंत्याने १९५६मध्ये काँक्रीटचा सडसडीत मनोरा बांधला, त्यावर लोकांसाठी मजले काढले, आणि पुढे जगभरच्या शहरांनी तोच नमुना उचलला. दिल्लीच्या पीतमपुऱ्याचा २३५ मीटर उंच मनोरा १९८८मधला, तोही काँक्रीटचा. मुंबईने मात्र जुनी, लोखंडी कामाची वाट धरली. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याची १८८९मधली उंचीही, झेंड्याची काठी सोडली तर, ३०० मीटरच होती. गंमत अशी की आयफेल मनोऱ्याला फक्त वीस वर्षांची परवानगी होती आणि तो पाडला जाण्यापासून वाचला तो बिनतारी तारायंत्रामुळे; सैन्याला एवढा उंच खांब दुसरीकडे कुठे मिळणार होता? म्हणजे शोभेसाठी बांधलेला मनोरा कामाला लागला म्हणून टिकला. वरळीचा पहिल्या दिवसापासून कामापुरताच आहे, आणि त्याचं देखणेपण तिथेच आहे. त्यातली प्रत्येक पट्टी काहीतरी उचलून धरते किंवा काहीतरी ओढून धरते. काढून टाकता येईल असं एकही लोखंड त्यात नाही.

जाळी का, हे मुंबईत सांगावं लागू नये. भारतीय मानकांनी मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. तेवढा वारा दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलोग्रॅम वजनाच्या जोराने ढकलतो, आणि हा आकडा जमिनीपासून दहा मीटरवरचा. वर वारा आणखी तेज असतो. शिवाय वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. अशा वाऱ्यापुढे सपाट भिंत उभी करणं म्हणजे त्याला आमंत्रण. जाळीतून वारा चाळणीतून पाणी जावं तसा निघून जातो, आणि जो अडतो तेवढ्याचाच भार पायांवर येतो. तो भार पेलायलाच पाय खाली फाकलेले असतात: पाय एकमेकांपासून जितके लांब तितका उलथवणाऱ्या जोराला विरोध जास्त. मॉस्कोत व्लादिमीर शुखॉव यांनी १९२२मध्ये शाबोलोव्का भागात असाच वाऱ्याला वाट देणारा १६० मीटरचा जाळीदार मनोरा बांधला. त्यांच्या मनात ३५० मीटरचा होता. यादवीत सापडलेल्या रशियात तेवढं पोलाद नव्हतं.

उंचीचं गणित असं निर्दय आहे की एका मर्यादेनंतर ते पैसे खातं आणि फळ देत नाही. मनोरा दुप्पट केला तर पल्ला दुप्पट होत नाही. वर्गमूळाच्या हिशेबाने तो ४१ टक्केच वाढतो. ७१ किलोमीटरचे १०० करायचे तर ३०० मीटरचा मनोरा जवळपास ६०० मीटर करावा लागेल. त्यात मुंबईची दमट खारी हवा, तिने खाल्लेले बोल्ट, दर काही वर्षांनी वर चढून खरवडायचा आणि पुन्हा फासायचा रंग. ३०० मीटरवर थांबणं हा शहाणपणाचा निर्णय होता.

मग उरलेली उंची कुठून आली? ती आली गावांतून.

त्याच आडाख्याने पाहावं. पाहणाऱ्याच्या बाजूलाही वर्गमूळ चालतं, आणि लहान आकड्यांत वर्गमूळ फार उदार असतं. काशीदला नऊ मीटरचा पाइप उभा केला तर नवाचं वर्गमूळ तीन, गुणिले ४.१२, म्हणजे १२ किलोमीटर पल्ल्यात जमा. वरळीचा मनोरा वाढवून हेच १२ किलोमीटर मिळवायचे झाले असते तर त्याला सुमारे ११३ मीटर पोलाद आणखी चढवावं लागलं असतं. दीड पाइप जोडून, दोन वासे आणि चार तारा लावून एका घराने स्वतःपुरती ही उणीव भरून काढली. सरकारने बांधलेल्या ३०० मीटरांइतकेच हे नऊ मीटर मनोऱ्याचा भाग आहेत. ते वेगळ्या तालुक्यात उभे होते, त्यांचा खर्च वेगळ्या खिशातून झाला होता आणि त्यांची नोंद कुठल्याही कार्यालयात नव्हती, एवढाच फरक.

अलिबाग ते मुरूड या पट्ट्यातल्या जुन्या घरांवर असे पाइप दिसत. मंगलोरी कौलांच्या पाख्यातून एक कौल काढून, आढ्याला किंवा मागच्या पडवीच्या खांबाला क्लॅम्प मारून जीआय पाइप वर नेलेला. टोकाला ॲल्युमिनियमची आडवी नळी आणि तिच्यावर कंगव्यासारख्या काड्या. हा अँटेना जपानचा. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६मध्ये त्याची कल्पना मांडली. त्यात तारेला जोडलेली काडी एकच असते. तिच्या मागची थोडी लांब काडी लहर परतवते, पुढच्या आखूड काड्या लहरीला वाट दाखवतात, आणि मिळून सगळ्या एका दिशेला कान देतात. काड्या आडव्या, कारण दूरदर्शनची लहर आडवी कंप पावणारी. दिशा उत्तरेची, किंचित पश्चिमेला कललेली. एका वाडीतले सगळे अँटेना एकाच दिशेला तोंड करून उभे असत.

खारा वारा त्यांना टिकू देत नसे. ॲल्युमिनियमवर पांढरा पापुद्रा चढायचा, चपट्या वायरचं प्लास्टिक उन्हाने तडकून आतली तांब्याची तार हिरवी पडायची, नटबोल्ट एकमेकांत असे गंजायचे की पान्याने फिरण्याऐवजी तुटायचे. कावळा एका काडीवर बसला तरी चित्र हलायचं. आणि पाऊस संपला की एकदा कौलांवर चढणं आलंच. वर पाइपला मिठी मारून दीर, खिडकीत वहिनी, आत टीव्हीसमोर मुलं.

“वहिनी, आलं का?”

“आवाज आला. चित्र नाही!”

“आता?”

“मुंग्याच आहेत. समुद्राकडे फिरवा थोडं. थोडं! गेलं बघा.”

आवाज आधी येतो आणि चित्र मागाहून, हा अनुभव त्या काळच्या प्रत्येक घराचा. त्यामागे कारण आहे. चित्र आणि आवाज एकाच मनोऱ्यावरून निघत असले तरी दोन वेगळ्या लहरींवर स्वार असत. चित्राची माहिती लहरीच्या जोराच्या चढउतारात साठवलेली, म्हणून लहर क्षीण झाली की गोंगाट थेट चित्रात मिसळतो. आवाज लहरीच्या कंपनसंख्येच्या बदलात साठवलेला, म्हणून तो बऱ्याच गोंगाटातून सुखरूप बाहेर पडतो. काठावरच्या गावांत बातम्या ऐकू यायच्या आणि बातमीदाराचा चेहरा मुंग्यांत हरवायचा, ते यामुळे. त्या मुंग्याही सगळ्या स्थानिक नव्हत्या. त्यातला एक टक्क्याच्या आसपासचा भाग विश्वाच्या आरंभापासून आकाशात पसरून राहिलेल्या प्रारणाचा असतो. १९६४मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना अमेरिकेत मोठ्या शिंगाच्या अँटेनामध्ये हेच प्रारण सापडलं आणि पुढे त्यांना नोबेल मिळालं. काशीदच्या पडवीतल्या लाकडी शटरच्या टीव्हीवर तेच, कार्यक्रम सुरू होण्याआधी रोज.

मुंबईत दुखणं वेगळं होतं. तिथे जोर भरपूर, पण लहर सरळ येते तशी समोरच्या उंच इमारतीवर आपटूनही येते. आपटून आलेली लहर ३०० मीटर जास्त चालली तर ती एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते, आणि वीस इंची पडद्यावर तेवढा उशीर म्हणजे पाऊण सेंटिमीटर. निवेदिकेच्या मागे, पडद्याच्या उजव्या बाजूला, तिचीच फिकट प्रत उभी राहायची. इमारती वाढत गेल्या तशा या सावल्याही वाढल्या. आज वरळी-महालक्ष्मी परिसरात ३०० मीटर गाठणाऱ्या आणि ओलांडणाऱ्या निवासी इमारती उभ्या आहेत, आणि एकेकाळी मैलोन्‌मैल दिसणारा मनोरा त्यांच्या गर्दीत शोधावा लागतो. काशीदच्या दिशेला अशी भिंत नव्हती. तिथे टेकाडाची सावली आडवी आली तरच अडायचं. सावलीत सापडलेल्या घराला आणखी दीड-दोन मीटर पाइप, नाहीतर लहरीचा जोर वाढवणारा बूस्टर.

या पट्ट्याची आणि मुंबईच्या विजेची ओळख दूरदर्शनच्याही आधीची आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, आणि तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१पासून होत होती. शहरात विजेवर ट्राम धावणार असं ठरलं तेव्हा धोका स्पष्ट झाला: ट्रामच्या प्रवाहाने चुंबकसूच्या सतत थरथरत राहिल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला. १९०४मध्ये तिथे मोजणी सुरू झाली. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे नोंद ठेवून जुनी मालिका नवीला जोडून घेतली गेली, आणि मग १९०७मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धावली. अलिबागची इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे: पोरबंदरचा दगड, तांबं, पितळ, लाकूड. मुंबईचा विजेचा गोंधळ पाण्यापलीकडे पोचत नाही या विश्वासावर ती उभी राहिली. पुढे सत्तर वर्षांनी मुंबईने निव्वळ पोलादाचा खांब उभा करून आपली वीज मुद्दाम त्याच दिशेला फेकायला सुरुवात केली, आणि काशीदकडे जाणारी लहर अगदी त्या वेधशाळेच्या माथ्यावरून जाऊ लागली. सूच्यांना तिचा त्रास नव्हता. इतक्या जलद कंपनांची त्या दखलच घेत नाहीत. शहरापासून दूर राहण्याचं आणि शहर घरात आणण्याचं, अशी दोन्ही कामं या एका किनाऱ्याने केली.

घरात काय आलं? संध्याकाळच्या मराठी बातम्या आल्या. स्मिता पाटील सिनेमात नावारूपाला येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत. प्रदीप भिडे यांचा आवाज तर दोन पिढ्यांना घरातल्या माणसासारखा परिचित झाला. ‘आमची माती, आमची माणसं’ आलं. आकाशानंदांचं ‘ज्ञानदीप’ आलं आणि त्याची मंडळं गावोगाव निघाली. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आले, गुंड्याभाऊ बाळ कर्वेंच्या रूपाने. रविवारचा सिनेमा पाहायला ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याची पडवी भरायची आणि पोरं ओट्यावरून वाकून पाहायची.

पण या किनाऱ्याला मुंबईच्या चित्राचा आणखी एक अर्थ होता. मुरूड-श्रीवर्धनकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत कामाला होती, आणि वरळी म्हणजे गिरणगावाची सीमा. चाळीच्या गॅलरीतून पहाटे पाळीला निघालेल्या चाकरमान्याला मनोऱ्यावरचे तांबडे दिवे दिसत, आणि त्याच मनोऱ्यावरून निघालेलं चित्र संध्याकाळी त्याच्या गावच्या घरात उतरत असे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. पत्र यायला दिवस लागत, एस.टी.ने आलेला माणूस जेवढं सांगेल तेवढंच कळे. अशा काळात बातम्यांत दिसणारं परळ-लालबाग हे गावातल्या बाईसाठी जगाचं वृत्त नव्हतं. घरच्या माणसाच्या पगाराचा, परत येण्याचा, मुलांच्या फीचा तो प्रश्न होता. मुंग्यांतून का होईना, ती ते पाहत होती.

या काठावरच्या आयुष्याला ऋतूही होते. मार्च ते मे या महिन्यांत अरबी समुद्रावर तापलेली कोरडी हवा वर आणि दमट हवा खाली असा थर बसतो, आणि लहर त्या थराखाली अडकून क्षितिज ओलांडून भलत्याच लांब जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळ बसवलेल्या, दीड मीटर लहरीच्या ब्रिटिश रडारला उन्हाळ्यात हजार ते दीड हजार मैलांवरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत. पावसाळा सुरू झाला की तो पल्ला नाहीसा होई. याच कारणाने ऐंशीच्या दशकात मुंबईत उन्हाळी रात्री कराचीचा पाकिस्तान टीव्ही दिसायचा, आणि त्या नाटकांच्या आठवणी मुंबईकर आजही काढतात. क्षितिज ही रेषा गणितात स्थिर आहे. समुद्रावर ती रोज थोडी सरकते. काठावरचं गाव त्या सरकण्याच्या दयेवर असतं: एका संध्याकाळी मुंबई शेजारच्या आळीत असल्यासारखी स्वच्छ, दुसऱ्या दिवशी सगळा पडदा मुंग्यांचा.

उपग्रहाने हे सगळं बदललं. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहावरून थेट कार्यक्रम मिळाले. महाराष्ट्र त्यात नव्हता. १९८३मध्ये इन्सॅट-१बी गेला, १९८४मध्ये देशभर लहान प्रक्षेपकांची रांग लागली, आणि डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा आली. काशीदच्या गच्च्यांवर आता उत्तरेकडे कान दिलेल्या काड्या नाहीत. तबकड्या आहेत, आग्नेयेकडे तोंड करून, जमिनीपासून साठ अंशांच्या जरा खाली रोखलेल्या. वरळीच्या टोकावरून काशीद पाहायचं तर आडव्या रेषेच्या खाली जेमतेम अर्धा अंश पाहावं लागे, आकाशातल्या चंद्राच्या रुंदीएवढं. आता चित्र ३६,००० किलोमीटरवरून, जवळपास डोक्यावरून येतं, आणि त्याला टेकाडं, फुगवटा, माड काहीच आड येत नाही. हा मोठा लाभ आहे. सावलीतल्या घराला आणि माथ्यावरच्या घराला सारखंच चित्र मिळणं, हा न्याय मनोऱ्याला कधीच जमला नसता.

एक गोष्ट मात्र हातची गेली. तबकडीची लहर दोन-तीन सेंटिमीटरची असते आणि कोकणातला धुवांधार पाऊस तिला गिळतो. ढग फुटल्यासारखा कोसळू लागला की पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते, आणि नेमकी तेव्हाच बातमीची गरज असते. मनोऱ्याच्या काही मीटर लांबीच्या लहरीला पावसाचा थेंब दिसतही नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. सुरू, माड, पोफळी मोडून पडल्या, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक गावांना दिवसेंदिवस ना वीज ना फोन. मुंबईत शाबूत असलेल्या एका उंच खांबावरून, ७१ किलोमीटरच्या आतल्या सगळ्या संचांना एकाच वेळी, मध्ये कुठलाही दुवा न लागता बोलता येणं, याची किंमत अशा आठवड्यात कळते. तरीही प्रसार भारतीने मार्च २०२२पर्यंत देशातले बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. खर्चाच्या ताळेबंदात तो निर्णय बरोबर बसतो, कारण काड्यांचे अँटेना घरांवरून केव्हाच उतरले होते. पण वादळाच्या वाटेवरच्या किनाऱ्याचा हिशेब नेहमीच्या दिवसांवरून करणं चूक आहे. निदान बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओसाठी तरी उंच, मजबूत, एकट्याने उभं राहू शकणारं टोक किनाऱ्यावर राखलं पाहिजे.

ही मागणी जुन्या दिवसांच्या ओढीतून आलेली नाही. गणित अजून तेच आहे आणि आजही माणसं त्याच्या काठावर आहेत. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते आणि कोर्लई, बोर्ली, एकदऱ्याच्या होड्या बाहेर पडतात. किनारा सुटला की थोड्याच वेळात मोबाइलची दांडी जाते. मग ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे उरतो तो होडीवरचा व्हीएचएफ संच. त्याची लहर दूरदर्शनच्या लहरीसारखीच क्षितिजाला बांधलेली. होडीवर चार मीटरपेक्षा उंच अँटेना उभा करणं अवघड, आणि अशा दोन होड्यांना एकमेकींशी १६ किलोमीटरपर्यंत बोलता येतं. त्यापलीकडचं सगळं किनाऱ्यावरच्या टोकाच्या हाती आहे, आणि ते टोक उंच करणं कोणा एका तांडेलाच्या ऐपतीतलं नाही. ते सार्वजनिक पैशाचंच काम आहे. किनाऱ्यावर २५ मीटरचा खांब असेल तर चार मीटरच्या अँटेनाची हाक २९ किलोमीटरवरून ऐकू येते, १०० मीटरचा असेल तर ४९वरून, आणि वरळीएवढा असेल तर जवळपास ८०वरून.